बाबांच्या खोक्यांना जोडीदार

"हा खर्जातला चेलो नव्हे, सर्दी झालेला डास आहे," रेकॉर्ड ऐकता ऐकता नवरा थोरलीच्या कानाशी पुटपुटला.

"हळू बोल. बाबा इथंच आहेत."

तिचे बाबा समोरच्या खुर्चीत बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून. त्या हातांना आता कंप सुटला होता. चाळीस वर्षं सुतारकाम करून त्यांनी हत्यारं पेटीत ठेवली, ती या दोन स्पीकरची खोकी झाल्यावर. आतले स्पीकर जावयाने आणले, मापांचा कागदही त्यानेच दिला. वाचला मात्र बाबांनी. लाकूड, सांधे, पॉलिश सगळं त्यांचं. शेवटचं काम. घरी येणारा प्रत्येक जण खोक्यांवरून हात फिरवून "वा!" म्हणायचा. ऐकून कुणी म्हटलं नव्हतं.

दोष अँपच्या, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या अँप्लिफायरच्या, माथी मारायचा, हे घरात न ठरवताच ठरलं होतं. दीड वर्षात दोन अँप आले तसे गेले. आता तिसऱ्यासाठी व्हॉल्व्हकाका आले होते. जुने, काचेच्या दिव्यासारख्या व्हॉल्व्हचे अँप दुरुस्त करून विकणारा हा माणूस, गिऱ्हाइकाच्या खोलीत वाजवून दाखवल्याशिवाय सौदा करत नसे. त्यांनी दोन आणले होते. एक लहान, आणि दुसरा, उचलताना नवऱ्याला कंबर धरायला लावणारा.

"लहान किती वॅटचा?" बाबांनी विचारलं.

"आठ."

"आठ? एवढ्यात आमचा दिवासुद्धा धड लागत नाही!"

काका हसले. "वॅटचं नंतर बघू. स्पीकर एका वॅटमध्ये किती मोठ्यानं बोलतो, ते आधी. तुमचे चांगले बडबडे आहेत, खोलीही बेताची. आठ पुरून उरतील." मग अँपच्या मागे चार आणि आठ असे आकडे दाखवत म्हणाले, "हे ओहम. स्पीकरवर आठ लिहिलंय, तर तार आठवरच. बुटाच्या मापासारखं."

थोरलीला हे गाण्याहून आवडलं. काचेत नारंगी तार उजळू लागली तशी ती अगदी नाक लावून बघायला लागली.

लहान अँप वाजला. आवाज भरपूर, पण डास तोच. मोठा लावला. डास फक्त जवळ आला.

काका उठले. खोक्यामागे उकिडवे बसून फळीवरून अंगठा फिरवू लागले. एका जागी अंगठा थांबला. त्यांनी तो झटकन काढून घेतला, पण थोरलीने पाहिलं होतं. चहाला साखर किती, हे विचारायच्या निमित्ताने तिने त्यांना स्वयंपाकघरात बोलावलं.

"काय सापडलं, काका?"

"अशा स्पीकरला मागे मुठीएवढं भोक लागतं, ताई. खालचा सूर तिथूनच भरतो. ते पाडून कुणीतरी परत बुजवलंय. रेषेला रेषा जुळवून! डोळ्याला दिसतच नाही. इतकं सुरेख काम... माझी जीभ रेटेना."

थोरलीला हसू आलं. जन्मभर कपाटं करणारा माणूस भोक ठेवून काम हातावेगळं करेल? कागदावर होतं म्हणून पाडलं असणार, मग मन खात राहिलं असणार. उंदीर शिरेल. लोक म्हणतील, लाकडाची गाठ निखळली.

ती दोघं बाहेर आली तेव्हा नवरा म्हणत होता, "मोठाच घेऊ. वाजून वाजून सुधारेल."

काकांनी छताकडे पाहिलं.

"जावईबापू, हा तिसरा अँप," बाबा म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "थोरले, लहान होतीस तेव्हा भर गिऱ्हाइकात सांगितलं होतंस, मी केलेलं स्टूल डुगडुगतं म्हणून. आता का गप्प?"

तिने त्यांचा हात हातात घेतला, त्यांना खोक्यामागे नेलं आणि बोटं त्या जागेवर टेकवली.

"बाबा, स्पीकर वाईट वाजतात," ती म्हणाली. "अँपमुळे नाही. तुम्ही हे भोक बुजवलंत म्हणून."