राहीचे एकशे सत्तेचाळीस मामा

पुणतांब्याच्या राहीला सगळं होतं, नव्हता तो मामा. आणि एकाहत्तर साली तिचं लग्न अडलं ते नेमकं मामापाशी.

तसे मामा होते, पण समुद्रापलीकडे. राहीचा बाप कोंडीराम आफ्रिकेत मोंबासाला रेल्वेत फिटर होता. तिथल्याच मुलीशी लग्न करून, चार वर्षांची राही कडेवर घेऊन तो पंचावन्न साली गावी परतला. बायकोचं नाव गावाच्या तोंडात मावेना, म्हणून तिची गोजरबाई झाली. राही रंगानं आईवर गेली. केसांनी तर आईलाही मागे टाकलं. तिनं अकरा फण्या मोडल्यावर बाजारातला फणीवाला तिला लांबून बघूनच दुकान आवरू लागला. पोरं 'मोंबासा मेल' म्हणून चिडवायची, तर ही शिट्टी फुंकत त्यांच्याच अंगावर धावायची.

सुप्याचा सहादेव भिंगारला लष्कराच्या वर्कशॉपात होता. त्यानं राहीला पसंत केलं, पण सुपारी फोडताना त्याची आत्या छबूबाई आडवी आली.

"रंगाचं न्हाई म्हनत आमी. केसाचंबी न्हाई. पन लग्नात पोरीच्या मागं मामा हुबा लागतो. कुठंय मामा?"

"उसना आनू की," कोंडीराम म्हणाला.

"उसना? मामा हाय का इरजन? मामा न्हाई, तर अक्षता न्हाईत. दावाच मामा, सोता मानाची टोपी घालते त्याला!"

राहीनं आईकडे बघितलं. तिच्या घरचं पाणी प्यायला या गावानं दोन वर्षं लावली होती. आता भर मांडवात मागं कोण उभं राहणार?

"येतील की," गोजरबाई भाकरी थापत म्हणाली. "भाऊबीज करते ना मी."

गावातल्या पहिल्याच दिवाळीत गोजरबाईनं बायकांना भाऊ ओवाळताना पाहिलं होतं. सख्ख्यालाच ओवाळतात, हे तिला कुणी सांगितलंच नाही. तिला वाटलं, या दिवशी भाऊ करून घ्यायचे असतात. निघाली ताट घेऊन! सरपंच आप्पासाहेबांनी दार लावलं, तर खिडकीतून ओवाळलं. कारभारी पैलवान विहिरीत उतरला होता, तर ताट दोरानं खाली सोडलं. आणि ओवाळणीचं ताट रिकामं परत पाठवील असा गडी कुठला? कुणी खण टाकला, कुणी सुपारी. सोळा वर्षांत एक घर चुकलं नाही.

"ओवाळून घेनं येगळं, आई," राही म्हणाली, "आन् चार लोकांत हुबं ऱ्हानं येगळं."

लग्नाच्या दिवशी अंतरपाट धरला गेला. भटजींनी हाक दिली, "मुलीचे मामा, पुढे या!"

राहीनं डोळे घट्ट मिटले.

मग कुणीतरी खाकरलं. आप्पासाहेब उठत होते. "आलो."

"तुमी कसे?" कारभारी ताडकन उभा राहिला. "मला तुमच्या आदी ववाळलंय! थोरला मामा मी!"

"हिरीतलं ववाळनं धरत न्हाईत!"

"आन् खिडकीतलं धरत्यात व्हय?"

तोवर भीमा न्हावी उठला, बन्सी उठला आणि अख्खा मांडवच उठला. मोजले तर एकशे सत्तेचाळीस. रांग मांडवाबाहेर, उतारावरून थेट गोदावरीत गेली, शेवटचा आसाराम गुडघाभर पाण्यात, धोतर सावरत ओरडत होता, "लागलं का लगीन?" अंतरपाटाआड राही हसू लागली, ते ऐकून पलीकडे सहादेव, आणि भटजींना तर मंगलाष्टकातच उचकी लागली.

अक्षता पडल्या तसे आप्पासाहेब छबूबाईपुढे डोकं वाकवून उभे राहिले. "मानाची टोपी?"

छबूबाईनं आणलेली एकुलती एक टोपी त्यांना घातली.

"आन् आमची?" मागून एकशे सेहेचाळीस आवाज आले.

मग काय! सुपेकरांनी स्वतःच्या टोप्या उतरवल्या, पटके सोडले, मफलरी दिल्या. नवरदेवाचा फेटा पाण्यातल्या आसारामला गेला. अख्खं वऱ्हाड उघड्या डोक्यानं ट्रकमध्ये चढलं.

"एक मामा मागितला व्हता गं बाई," छबूबाई पदरानं वारा घेत पुटपुटली. "एकच."

राहीनं वाऱ्यावर उडणारे केस दोन्ही हातांनी दाबून धरले.

"आत्याबाई," ती म्हणाली, "मोंबासाचे अजून यायचेत."