शून्य तासांचा फरक

दादाचा फोन आला तेव्हा मी चष्मिषशी कडाक्याने भांडत होते. विषय नेहमीचाच, खिडकी उघडी हवी की बंद. चष्मिष म्हणजे आमचा सीनियर प्रोग्रॅमर. गोळ्यांची आठवण करून देणारं ॲप त्याने लिहिलं आणि तपासलं मी.

"तुझी वहिनी चक्कर येऊन पडली," दादा म्हणाला. "दवाखान्यात आणलंय. रक्तदाबाची रात्रीची गोळी तिने दुपारीच घेतली."

वहिनी आणि असा वेंधळेपणा? ही बाई दुधाची पिशवी कापण्याआधीसुद्धा तारीख दोनदा वाचते!

"दुपारी का घेतली पण?"

"तुमच्या ॲपने सांगितलं म्हणून."

दादा-वहिनी मुलीकडे, माझ्या भाचीकडे परदेशी गेले होते. तिथलं घड्याळ इथल्यापेक्षा बरंच पुढे चालतं. आमचं ॲप वेळा साठवतं आमच्या शहराच्या घड्याळाप्रमाणे आणि परदेशी गेलेल्या माणसासाठी त्यात तासांचा फरक धरतं. नवी आवृत्ती कालच सगळ्यांना गेली होती.

"शक्यच नाही," मी सांगितल्यावर चष्मिष म्हणाला. "सगळ्या टेस्ट हिरव्या आहेत. एकही नापास नाही."

होत्याच हिरव्या! आमच्याकडची पद्धतच तशी. तपासणीच्या प्रत्येक मशीनवर आमच्याच शहराचं घड्याळ, कारण दुसरं लावलं की टेस्ट रुसतात आणि मग त्यांची समजूत काढत बसावं लागतं. मी मशीनला भाचीच्या गावचं घड्याळ लावलं आणि टेस्ट पुन्हा चालवल्या.

अख्खा स्क्रीन लाल झाला.

चष्मिष पांढराफटक पडला. "फरक दोनदा वजा होतोय, म्हणून आठवण तेवढे तास आधी वाजतेय," तो पुटपुटला. "आपल्याकडे फरक शून्य. शून्य दोनदा वजा केलं तरी कळणार कसं?"

"आधी ते ॲप बंद कर!" मी किंचाळले. परदेशात असलेली किती माणसं या क्षणी हातात पाण्याचा पेला घेऊन उभी असतील! त्याने ॲप बंद केलं, सगळ्यांना सूचना पाठवली.

मग दादाने फोन वहिनीला दिला. आवाज खोल गेला होता, पण बोलत होती. मला रडू फुटलं.

"वहिनी, तुम्हाला शंका कशी नाही आली हो?"

"आली की. गोळी हातात धरून बसलेच होते मी. पोरगीही म्हणाली, आई, थांब जरा." ती दम घ्यायला थांबली. "मीच तिला दटावलं. म्हटलं, तुझ्या आत्याने स्वतः तपासलंय, चुकेल कसं?"