पाचपैकी पाच

कान-नाक-घसा विभागातला महिना संपला आणि पुढाऱ्याने फॉर्म वाटले. डॉक्टरकीच्या वर्गाचा प्रतिनिधी म्हणून त्याला सगळे पुढारीच म्हणत. शिकवण्यावर तुम्ही किती समाधानी आहात, असे वीस प्रश्न आणि वर रोल नंबर!

"डोकं चालवू नका, सगळीकडे पाचपैकी पाच," तो म्हणाला. "उद्या तोंडी परीक्षा सरच घेणारेत. पाण्यात राहून माशाशी वैर नको!"

वर्गातल्या चश्मिश मुलीने मुकाट्याने पाच लिहिले. 'कान तपासायला प्रत्यक्ष शिकवले' यापुढेही पाच. खरं तर एका खाटेभोवती तीस जण उभे राहत आणि कानात बघायचं यंत्र हातोहात फिरे. "पडदा दिसला?" सर विचारत. "दिसला, सर!" म्हणायचं आणि यंत्र पुढे द्यायचं. तिला महिनाभरात कानातल्या केसांपलीकडे काही दिसलं नव्हतं.

फॉर्म सरांकडे पोचले. त्याच दुपारी कानात मळ साचलेला एक बसचालक आला. सर म्हणाले, "बघ आणि लिही." तिला पिवळट काहीतरी दिसलं. मागे रांग खोळंबली होती. सवयीने तिने लिहून टाकलं, 'पडदा शाबूत.' सर सही करून पुढच्या पेशंटकडे वळले.

वयस्कर सिस्टरनी कोमट पाण्याची पिचकारी भरली. "पडद्याला भोक असेल तर पाणी आत जातं, माणूस गरगरतो, कान पिकतो. खरंच दिसला ना गं?"

"हो..."

"दुखणार नाही ना पोरी?" चालक हसून म्हणाला. "उद्या पहाटे गाडीवर जायचंय मला."

पिचकारी कानाला टेकली.

"थांबा, सिस्टर! मला पडदा दिसलेला नाही. आजवर कधीच दिसला नाही!"

सरांचा चेहरा लाल झाला. "महिनाभर शिकवलं मी! तुम्हीच पाचपैकी पाच दिलेत!"

"खोटे दिलेत, सर. मार्कांच्या भीतीने."

सिस्टर हळूच म्हणाल्या, "रागावू नका, सर. पेशंटच 'बरंय, बरंय' म्हणत राहिला, तर तुम्ही औषध कशावर देणार?"

सरांनी स्वतः कानात पाहिलं. मळाच्या कडेला पडद्यात बारीकसं भोक होतं!

"दिसला, सर, दिसला, सर... ऐकून मीही खूश होत होतो," ते पुटपुटले. मग त्यांनी यंत्र तिच्या हातात दिलं. "कान वर आणि मागे ओढ. घाई नको, रांग थांबेल."

"दिसलं!" ती ओरडली. डोळ्यांत पाणीच आलं तिच्या.

सरांनी ते फॉर्म फाडले. परीक्षा पुढे गेली, शिकायला पाच-पाच जणांचे गट पडले, आणि निकालानंतर बिननावाचे नवे फॉर्म आले. पहिल्याच प्रश्नाला चश्मिशने दोन दिले. सरांनी ते सगळे फॉर्म सूचनाफलकावर लावले.

वाचकहो, भीतीपोटी आपणही कुठे ना कुठे पाचपैकी पाच देतोच की! पण त्या खोट्या समाधानाची शिक्षा तिसऱ्यालाच होते. त्या दिवशी ती एका बसचालकाला होणार होती, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच्या बसमध्ये चाळीस माणसं बसणार होती.