कायम दाढेची जागा

वर्ध्याजवळच्या सेलूचे मधुकरराव सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. शेरा मारायची सवय मात्र अजून सेवेत होती. घरात काहीही चाललं असो, शेवटचा शब्द त्यांचाच. मुलगा निशांत मान हलवून मोकळा व्हायचा. सून सुरभी मात्र हलवायची नाही.

"बाबुजी, वेदश्रीच्या दाढा काळ्या पडून राह्यल्या. रात्री ब्रश केल्यावर तिले साखरेचं दूध देत नका जाऊ. अन् त्या टॉफ्या बी."

"अवं, दुधाचे दात म्हंजे कंत्राटी कर्मचारी. आज ना उद्या जाणारच. त्याइच्यावर कोणी पैसा लावते का? कायमचे येतीन तवा पाहू."

असा निकाल देऊन ते पाच वर्षांच्या नातीला घेऊन किराणा दुकानाकडे निघायचे.

एका सोमवारी वेदश्रीने टॉफी घेतलीच नाही. मधुकरराव पहिल्यांदा घाबरले. दुसऱ्या सकाळी तिचा गाल टम्म फुगला होता आणि पाण्याचा घोटसुद्धा तिला झोंबत होता.

"लवंगेचं तेल लावा, उतरते संध्याकाळपर्यंत," त्यांनी शेरा मारला.

"मी वर्ध्याले चालली," सुरभी म्हणाली. "तुमी येता का?"

ते आले.

वर्ध्याच्या दंतवैद्य पद्माताईंनी एक्स-रे पाहिला. "काका, या दाढेत पू झालाय. आधी औषधानं सूज उतरवू, मग ही काढावी लागेल. बाकीच्या दोन वाचतील."

"काढा नं. पडणारच हाय ते."

"पाच वर्षांनी पडणार होती. आता ती जागा रिकामी राहिली, तर शेजारच्या दाढा सरकून येतात. खालून कायमची दाढ येते, तेव्हा तिला जागाच नसते."

मधुकरराव ताठ बसले. चौतीस वर्षांत असे प्रकार त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. एखादा बदलून गेला की बाजूचा हळूच टेबल सरकवतो.

"म्हंजे पोस्टच खाऊन टाकते म्हना!"

"अगदी तसंच. म्हणून जागा धरायला तारेचं कडं बसवू."

आठवड्यानं दाढ काढली. वेदश्रीनं आजोबांचं बोट घट्ट धरलं होतं. रडून झाल्यावर ती म्हणाली, "आबाजी, तुमी तं म्हनलं होतं, काई होत नाई."

परतीच्या बसमध्ये ते सेलू येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसले.

पण गाव आलं तसा आवाजही परत आला. दुसऱ्या दिवशी ओट्यावर शेजारच्या अनुसयाबाईंना ते समजावत होते, "पोराइचे दुधाचे दात जपा. मी पहिल्यापासून सांगून राह्यलो, पन आमच्या घरी ऐकते कोन?"

अंगणात कपडे वाळत घालणाऱ्या सुरभीनं ते ऐकलं आणि निशांतचा शर्ट जरा जास्तच जोरात झटकला.

तेवढ्यात वेदश्री टॉर्च घेऊन आली. "आबाजी, आ करा."

मधुकररावांच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. त्यांनी हातानेच नकार दिला.

"आ करा नं! डॉक्टरबाईनं मले कराले लावलं तसं."

अनुसयाबाई बघत होत्या. नाइलाजानं ते उठले, नालीत थुंकले आणि त्यांनी तोंड उघडलं. नातीनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग टॉर्च बंद केला, आत गेली आणि त्यांच्या चपला घेऊन आली.

"चला," ती म्हणाली, "वर्ध्याले."