चार आण्यांची चवली

दोन वर्षांपूर्वी निफाड तालुक्यातल्या सायखेड्याहून मला एक पत्र आलं. लिहिणाऱ्या वत्सलाबाई, वय पंच्याऐंशी, शिक्षण चौथी. मी त्याचं उत्तर दिलं नाही.

नाण्यांच्या जुन्या नावांवर मी एक चाळीस पानी पुस्तिका काढली होती. स्वखर्चाने, तीनशे प्रती. त्यातल्या दोनशे दहा आमच्या पलंगाखाली आहेत. ढब्बू, पावली, अधेली, भोकाचा पैसा, सगळं तिच्यात आहे. चवली म्हणजे चार आणे, असंही आहे. चवलीतल्या ‘च’वरून मला ती चारची वाटली. लहानपणी माझ्या हातात कोणी नाणं देत नसे, मी हरवतो म्हणून. मग बाजार ठाऊक कुठून असणार?

बाईंनी लिहिलं होतं: ‘चवली दोन आण्यांची. चार आण्यांची ती पावली. माझी आई बाजारात मेथी विकायची आन् पैसे घ्यायला मी बसायची. तुमच्यासारखं मोजलं असतं तर आईनं मला दर बाजारी झोडपलं असतं. पण नातसून तुमचं पुस्तक दाखवती, छापलेलं खरं म्हणती. आता लोणच्याला मीठ कमी हाय म्हटलं तरी घरात हसतात, म्हणतात आजीची चवली आली. चूक तुमची असंल तर दोन ओळी लिहून द्या. मी लय दिवस नाय.’

मी शब्दकोश उघडला. तो पुस्तिका लिहितानाही हाताशीच होता. बाई बरोबर होत्या.

उत्तर मी अकरा वेळा लिहिलं. एका खर्ड्यात नाण्यांचा इतिहास चार पानं झाला आणि माफी राहूनच गेली. माझी बायको आशा म्हणाली, “अहो, बाईंना दोन ओळी हव्यात. तुम्ही प्रबंध लिहिताय.” मी म्हटलं, रविवारी निवांत लिहितो. रविवार पुष्कळ आले.

गेल्या महिन्यात धनराज नावाचा तरुण घरी आला. गंगापूर रोडवर त्याचं मिसळीचं नवं हॉटेल निघत होतं. “गायधनी सर, तुमच्या पुस्तकावरच सगळी थीम आहे. उद्घाटन तुम्हीच करायचं.” माझ्या पुस्तकावर काही उभं राहील, हे मला कधी वाटलं नव्हतं. मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो.

दारातच भिंतभर बोर्ड होता. फुल मिसळ म्हणजे बंदा रुपया, एकशे ऐंशी रुपये. हाफ म्हणजे अधेली, एकशे वीस. पाव म्हणजे चवली, ऐंशी. खाली पितळी अक्षरांत: ‘चवली = चार आणे. जपू या आपला वारसा.’ ताकाला ढब्बू म्हटलं होतं. ढब्बू पन्नास रुपयांना होता आणि पेला लहान होता.

धनराज फोनवर होता. “दोन पेटी आज देऊन टाक. खोक्याचं बिल्डरशी मी बोलतो.” लाखाला पेटी आणि कोटीला खोका म्हणतात, एवढं मलाही कळतं. वारसा उत्तम चालू होता. माझ्या पुस्तकात ही नावं तेवढी नव्हती.

मी त्याला बाजूला घेतलं. “धनराज, चवली दोन आण्यांची. चूक माझी आहे.”

“सर, पंचेचाळीस हजारांचा बोर्ड आहे.”

“पण चूक आहे ना.”

“असू द्या हो. आता सांगायला कोण जिवंत आहे?” तो हसला आणि माझ्या हातात कात्री दिली.

मी फीत कापली. माइकवर मी काय बोललो असेन? “इतक्या अभ्यासपूर्ण फलकाबद्दल अभिनंदन.” टाळ्या पडल्या. मग माझ्यापुढे चवली आली, वर भरपूर शेव. पहिल्याच घासाला मला सायखेड्यात ताटावर बसलेल्या बाई दिसल्या, मिठाबद्दल गप्प राहिलेल्या. ताट तसंच ठेवून मी निघालो.

पोस्टात खिडकीपलीकडच्या मुलीला म्हटलं, “एक पोस्टकार्ड द्या.” पाकीट नको होतं. वाटेत कोणीही वाचावं, सायखेड्याच्या पोस्टमनने तर मोठ्याने वाचावं.

“पन्नास पैसे सुटे आहेत का, काका?”

“नाहीत.”

“मग दोन घ्या. एक रुपया.”

बरं झालं. पहिल्या कार्डावर मी ‘वस्तुतः नाणकशास्त्रीयदृष्ट्या’ असं सुरू केलं आणि जागा संपली. ते फाडलं. दुसऱ्यावर लिहिलं: ‘चवली दोन आण्यांचीच. पुस्तक चुकलं, वत्सलाबाई बरोबर आहेत. उत्तराला दोन वर्षं लावली, ही त्याहून मोठी चूक.’ खाली पूर्ण नाव आणि पत्ता.

मुलीने ते उघडपणे वाचलं. “पण काका, त्या नव्या हॉटेलात तर चार आणे लिहिलंय.”

“तो बोर्ड चुकलाय,” मी म्हटलं. “माझ्यामुळे.” हे मी चारचौघांत म्हणत होतो. रांगेतले मागचे गृहस्थ म्हणाले, “आजोबा, आवरा.”

“या आजी आहेत ना अजून?” तिने विचारलं.

“माहीत नाही,” मी म्हटलं.

तिने शिक्का मारला आणि कार्ड निफाडच्या थप्पीत टाकलं.