शेंदराखालचा नंबर

गोव्यातल्या तुयेच्या कारखान्यात सतरा वर्षं लेथवर लोखंड कातल्यावर मी राजीनामा दिला, तेव्हा ओंकारने मला समोर बसवून चहा पाजला. ओंकार आमचा ऑफिसर, वयाने माझ्याहून दहा वर्षांनी लहान. म्हणाला, "परेशबाब, ह्यो कागद मी शुक्रवारी पाचांपर्यंत वर धाडणंय नाय. तोवर एक फोन करा, फाडून टाकतंय. मगे मात्र नवो माणूस येतलो." भला माणूस, पण त्या भलेपणाने माझं वाटोळं केलं. तेव्हाच मोकळा झालो असतो तर एकदाच घाबरलो असतो. आता आठवडाभर रोज घाबरायची सोय झाली.

घाबरणं हा माझा पिंडच. गॅस बंद केला का, हे बघायला मी अर्ध्या वाटेवरून परत येतो. अशा माणसाने स्वतःचं वर्कशॉप काढायचं ठरवावं याचं माझ्या बायकोला, श्रद्धाला, अजून नवल वाटतं. पण माझं ठरलं होतं. घरामागे पत्र्याची शेड, शेडमध्ये एक लेथ, पंपांचे शाफ्ट, ट्रॅक्टरचे बुश, आणि डोक्यावर ओरडणारं कोणी नाही. सगळं त्या एका लेथवर होतं. ती धड निघाली तर शेड, नाही तर शुक्रवारी पाचच्या आत ओंकारला फोन.

लेथ मी डिचोलीच्या कृष्णनाथकडून आणली. बंद पडलेल्या खाणींच्या वर्कशॉपमधला जुना माल तो उचलतो. सहा फुटी, दणकट मशीन, पण कंपनीची पाटी कधीच गळून पडलेली. कृष्णनाथ म्हणाला बटालाची, त्याचा हमाल म्हणाला राजकोटची. मी बेडवर, म्हणजे मशीनच्या लांब पाठीवर, हात फिरवला, कातायचा तुकडा धरणारा चक फिरवून बघितला, बेअरिंगला कान लावला. एकच केलं नाही. चक ज्यावर फिरतो त्या हेडवर, पुढच्या बेअरिंगच्या अगदी वर, तळहाताएवढा शेंदराचा थर होता. दर खंडेनवमीला खाणीतल्या लोकांनी तेल-शेंदूर चढवून चढवून बोटभर जाड केलेला. मी खिशातून स्क्रॅपर काढला मात्र, कृष्णनाथ ओरडला, "अरे अरे! देवाच्या शेंदराक लोखंड लावतलंस?"

मी स्क्रॅपर खिशात घातला आणि हात जोडले. साधा बोल्ट तपासल्याशिवाय न घेणारा मी, नमस्कार करून आख्खी लेथ घरी घेऊन आलो.

सोमवारी ती शेडमध्ये उतरली. मंगळवारभर रॉकेलने धुतली. जुन्या ग्रीसखालून लोखंड दिसायला लागलं आणि मला बरंही वाटलं. आटे पाडायच्या गिअरपैकी एक नव्हता, म्हणून बेळगावच्या एका जुन्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "मशीनचा नंबर सांगा. नंबराशिवाय मी गिअर देत नाही, उगाच तुमची फेरी होईल." नंबर बेडच्या टोकाला नव्हता, मागे नव्हता, झाकणाच्या आतही नव्हता. उरला शेंदूर.

आणि मग माझ्या डोक्यात किडा शिरला. आमच्या कारखान्यात दसऱ्याला शेंदूर स्विचच्या पेटीला लावतात, नाही तर बेडच्या टोकाला, जिथे कामाच्या आड येत नाही. या लोकांनी नेमका बेअरिंगवर का लावला? बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, हेड तडकतं ते तिथेच. आणि तडकलेलं हेड वेगात फिरवलं तर एक दिवस चक सुटून माणसाच्या छातीवर येतो. म्हणजे काम मिळण्याआधी माझाच निकाल.

"खरवडून बघा मगे," श्रद्धा म्हणाली.

"देवाक विचारल्याशिवाय नाय," आई आतून म्हणाली. माझी आई लक्ष्मी आंबे उतरवायलासुद्धा देवाचा कौल घेते. "लोकांनी पुजलेलो शेंदूर तो. उद्या काय झाला तर माका सांगू नको."

आता यावर मी हसायला हवं होतं. पण तिचं शेवटचं वाक्य ऐकून मी स्क्रॅपर फळीवर ठेवून दिला. बुधवारी सकाळी नारळ घेऊन मी गावच्या सातेरी देवीच्या देवळात उभा राहिलो.

गुरवाने देवीच्या अंगावर भिजवलेल्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "व्हय गे आई, ह्या तुझ्या लेकराने यंत्र हाडलासा, तेचो शेंदूर काढूचो आसा, रजा असली तर उजवी दी." आई मागून "व्हय महाराजा" म्हणाली. मी तोंडाने तेच म्हणालो, पण मनात विचारलं, नोकरी सोडू का? एका दगडात दोन पक्षी मारायला गेलो, तेही देवीसमोर. पाकळी हलेना. पाच मिनिटं, दहा मिनिटं. गुरवाने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. माझा शर्ट पाठीला चिकटला. मग उजवीकडची पाकळी सुटली.

आई खूश. मी वाटभर विचार करत राहिलो, देवीने उजवा कौल दिला तो कुठल्या प्रश्नाला? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

गुरुवारी खरवडलं. शेंदूर केळीच्या पानावर जमा केला, तो आई विसर्जनाला घेऊन गेली. खाली पाच आकडी नंबर सापडला, स्वच्छ ठोकलेला. मी ओरडणारच होतो, तेवढ्यात त्याच्या बाजूची रेघ दिसली. चार बोटं लांब. आणि रेघेवर ओळीने बसवलेले लोखंडाचे गोल टाके, घासून सपाट केलेले. अकरा. हेड तडकलेलं होतं, कुणीतरी ते शिवलं होतं, आणि त्यावर शेंदूर थापून देवाच्या हवाली केलं होतं. म्हणजे खाणीतले लोकही माझ्यासारखेच भ्यायलेले होते.

"मगे ओंकाराक फोन करतास?" श्रद्धाने विचारलं.

"उद्या. आधी टाक्यांपुढे भेग गेली का बघतो."

शुक्रवारी सकाळी त्या जागेवर रॉकेल चोळलं. तासभर मुरू दिलं. कोरडं पुसून वर खडूची पूड घासली. भेग असेल तिथून आत शिरलेलं रॉकेल पुन्हा वर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळी रेघ उमटते. लबाडी चालत नाही.

अर्ध्या तासाने टाक्यांच्या मधून बारीक रेघ आली. अकराव्या टाक्यापाशी थांबली. पुढे खडू पांढराशुभ्र.

मी पुसलं, पुन्हा रॉकेल लावलं, पुन्हा खडू. रेघ तिथेच थांबली. मोटर लावून तासभर चालवली, गरम केली, बंद करून तिसऱ्यांदा तेच केलं. भिंग आणलं. टॉर्च आणली. साडेचार वाजले होते.

श्रद्धा चहा घेऊन आली आणि कप हातातच धरून उभी राहिली. "तीन खेपे बघितल्यात. अजून काय सोदतात?"

"भेग पुढे गेलीय का."

"गेलेली नाय. माका दिसता, तुमका दिसना नाय?" मग तिने कप बेडवर ठेवला. "का गेलेली होयी होती तुमका?"

मला तिचा राग आला, आणि लगेच कळलं की राग का आला. हो, मला हवी होती. चार बोटं नाही तर दोन बोटं, पण हवी होती. मशीन फुटकं निघालं असतं तर मी ओंकारला फोन केला असता, सोमवारी सतरा वर्षांच्या जागी जाऊन उभा राहिलो असतो, आणि जन्मभर सांगत सुटलो असतो की मी निघालोच होतो, लेथने दगा दिला. आता लेथ धड होती. भेगाळलेला मी एकटाच उरलो होतो.

मी फोन काढून श्रद्धाच्या हातात दिला. "सव्वापाचपर्यंत मला देऊ नको. मी मागितला तरी."

तिने माझ्याकडे नीट बघितलं, आत जाऊन फोन तांदळाच्या डब्यात ठेवला आणि डब्यावर पाट ठेवून बसली.

पावणेपाचला मी आत गेलो. म्हटलं, आईच्या गोळ्या मागवायच्यात.

"गोळ्यो कालच हाडल्यो," ती म्हणाली.

पाचला पाच मिनिटं असताना पुन्हा गेलो. या वेळी कारणही सांगितलं नाही, नुसता हात पुढे केला. ती पाटावरून उठली नाही.