खिशातले तांदूळ

लुर्दिनने पेटीच्या तळातलं कवंद, चिंध्यांची गोधडी, उचललं, तशा त्याच्या घडीतून उंदराच्या लेंड्या तिच्या पायावर सांडल्या. ती तिथंच बसली. घडी उलगडली. मधोमध, जिथं शेवटचा टाका पडतो, तिथून तिचा हात आरपार गेला.

उद्या सकाळी धारवाडच्या वीणा मॅडमची जीप येणार होती. लुर्दिनची चार कवंदं बंगळूरच्या प्रदर्शनात लागायची होती, प्रत्येकाखाली तिच्या नावाची पाटी. रेशनकार्ड सोडलं तर तिचं नाव आजवर कुठंच लागलं नव्हतं. वरची तीन धड होती. खालचं चौथं, सगळ्यांत देखणं, तेवढंच गेलं होतं.

शेजारची खातून चुलीसाठी विस्तव मागायला आली आणि दारातच थांबली.

"काय गं, कुणी गेल्यासारखी बसलीस?"

लुर्दिनने भोकातून हात वर काढून दाखवला.

"तांदूळ घातले होतेस ना पोटात?"

"मग? उपाशी शिवू?"

"मग उंदराला काय बोलतेस? तूच वाढलंस, त्यानं खाल्लं."

शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आणलेल्यांचे वंशज म्हणजे सिद्दी. त्यांच्या त्या वस्तीत कवंद कडेपासून शिवत आणतात. तळाला जुनी साडी, वर चिंध्यांचे तुकडे, आणि धावदोऱ्याच्या रांगा चारी बाजूंनी फिरत फिरत आत सरकतात. शेवटी मधे ओंजळभर जागा उरते. ती बंद करण्याआधी तिथं चिमूटभर तांदूळ ठेवायचे, म्हणजे जो ते पांघरेल त्याचं पोट रिकामं राहणार नाही. लुर्दिनची आई घालायची, आईची आई घालायची. कुणाच्याच कवंदाला उंदीर लागला नाही, कारण कवंद कधी पेटीत राहिलंच नाही. दोरा तोडला की त्याच रात्री त्यात दोन पोरं आणि एक कुत्रं झोपलेलं असायचं. पण मॅडम म्हणाल्या होत्या, "अज्जी, नवंकोरं राहू दे हं, कुणी अंगावर घेऊ नका." लुर्दिनने शब्द पाळला. जपायला म्हणून कोंडून ठेवलं, आणि जपलं तेच गेलं.

"अंगावर घेतलं असतं तर त्या उंदराची बिशाद नव्हती," ती म्हणाली. "मधे खिसा होता गं. त्यांचा."

खातून आत येऊन तिच्याजवळ टेकली. खिसा कुणाचा ते तिला सांगावं लागलं नाही.

इंत्रूजने, तिच्या गेलेल्या नवऱ्याने, सारा जन्म दुसऱ्यांच्या सुपारीच्या बागांत घालवला. मालकांच्या घरात त्याचा पाय कधी पडला नाही. जेवण अंगणात, पानावर, आणि पान उचलायचं त्यानेच. दिवाळीला मालकीणबाई विटक्या साड्या ओसरीवरून खाली टाकायच्या आणि वर चार लोकांत सांगायच्या की आम्ही सिद्द्यांना कपडे देतो. त्याच साड्या कापून लुर्दिनने कवंदं शिवली. ज्यांनी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, त्यांच्या जरीच्या काठांवर तिची पोरं लोळली. इंत्रूज तिला चिडवायचा, "आली चिंध्यांची पाटलीण." पण हल्याळच्या बाजारातून आला की शर्टाच्या खिशातून दोऱ्याचं रीळ काढायचा आणि काही न बोलता चुलीपाशी ठेवायचा. कधी लाल, कधी निळं. चुकला नाही कधी. त्या लाल चौकड्याच्या शर्टाचा खिसा तिने कवंदाच्या मधोमध लावला होता. तांदूळ त्या खिशातच होते. बाकीचा शर्ट केव्हाच झिजून गेला होता.

भोकाच्या कडेला तळव्याएवढा तुकडा लोंबत होता, बटणासकट. लुर्दिनने तो सोडवला आणि मुठीत धरला.

"तीनच पाठवते," ती म्हणाली. "सांगते, चौथं झालं नाही."

"तोंड बघ सांगणारीचं," खातून म्हणाली. "विस्तव राहू दे. आधी सुया काढ."

ती गेली आणि थोड्या वेळाने गिरिजाला घेऊन आली. गिरिजा पलीकडच्या घरातली सून, अंगात ताप असल्यासारखी भराभर बोलणारी. तिने लेकीचा शाळेचा निळा फ्रॉक आणला होता, या जूनलाच शिवलेला. खातूनने खांद्यावरची हिरवी ओढणी काढली, दातांत धरली आणि एका टोकाकडून टरकन फाडली.

"अगं, आख्खी होती ती," लुर्दिन म्हणाली. "ईदची."

"आख्खी होती म्हणूनच. जन्मभर लोकांच्या फाटक्यातलं शिवलंस. एकदा धड कापड लाव की."

"आणि ईदला काय घालशील?"

"तुलाच बांधीन डोक्याला, चिंध्यांच्या पाटलिणीला. ओव दोरा, मला दिसत नाही."

कुरतडलेलं कापून काढलं, तेव्हा भोक ताटाएवढं झालं. तिघी तीन बाजूंनी बसल्या. हिरवं, निळं, मधे लुर्दिनच्या लुगड्याचं पिवळं. खातूनचा टाका मोठा पडायचा, लुर्दिनने दोनदा उसवला, तेव्हा ती म्हणाली, "राहू दे की. बंगळूरच्या लोकांना कळू दे, यात आणखी कुणी होतं." लुर्दिनने तिसऱ्यांदा उसवला नाही. कोपऱ्यांवरची कापडाची तिकोनी फुलं तिने चाचपून पाहिली. चारी जागेवर होती. फुलांवाचून कवंद नागडं.

ऊन उतरेपर्यंत ओंजळभर जागा उरली.

"आता तांदूळ नको गं, मावशी," गिरिजा म्हणाली. "पुन्हा उंदीर यायचा."

"पोरी, परक्या गावाला पाठवतेय. उपाशी पाठवू?"

तिने मूठ उघडली. लाल चौकड्याच्या तुकड्यावर चिमूटभर तांदूळ ठेवले, पुरचुंडी केली आणि बटणाखाली दोरा गुंडाळला. पुरचुंडी आत सारली. वरून हिरवी ओढणी ओढून शेवटचा टाका घातला. बाहेरून आता काहीच दिसत नव्हतं.

"देव बरें करूं," तिने कोंकणीत दोघींचे आभार मानले.

"तुझा करो नाहीतर माझा करो, चहा टाक," खातून म्हणाली.

प्रदर्शनाला खातूनही गेली. जीपमध्ये जागा नाही असं ड्रायव्हर म्हणाला, तेव्हा ती आधीच बसलेली होती. मोठ्या पांढऱ्या भिंतीवर चौथं कवंद मधोमध टांगलं होतं. शेजारी पाटी, हात लावू नये. खाली नाव, लुर्दिन इंत्रूज सिद्दी. लुर्दिनला वाचता येत नव्हतं. मॅडमनी बोट फिरवून दाखवलं, तेव्हा ती प्रत्येक अक्षरापाशी थांबली.

एक बाई चष्मा वर करून म्हणाली, "किती सुंदर. कुठल्या देशातून आलात तुम्ही?"

"हल्याळ," खातून म्हणाली.

"नाही, म्हणजे मूळच्या?"

"मूळच्या पण हल्याळच्या. तुम्ही कुठनं आलात?"

बाई हसली आणि पुढच्या भिंतीकडे गेली. असं विचारणारे दिवसभर आले. मोठ्या टाक्यांविषयी कुणीच विचारलं नाही. लुर्दिन मात्र त्या टाक्यांकडेच बघत होती, आणि आपण एवढं कुणाच्या जीवावर केलं हे तिला भिंतीवर सरळ लिहिलेलं दिसत होतं.

गर्दी ओसरल्यावर ती उठून भिंतीजवळ गेली. रखवालदार पुढे आला.

"अज्जी, हात लावायचा नाही. माझी नोकरी जाईल."

"लावत नाही. पोट बघते फक्त, भरलंय का."

"कुणाचं?"

लुर्दिनने कवंदाकडे मान हलवली. रखवालदाराने तिच्याकडे पाहिलं, मग पाटीवरच्या नावाकडे. मग तो वळला, खिडकी आधीच लावलेली होती ती पुन्हा लावून बघू लागला.

तिने हिरव्या ओढणीच्या खाली बोट दाबलं. तांदूळ होते. आणि त्यांच्यावर, गोल, कडक, शर्टाचं बटण.